बास्केटबॉल : बेंचवरून ओरडणाऱ्या प्रशिक्षकांना पंच कसं आवरतात?

बीडसह राज्यभर शालेय जिल्हास्तरीय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. शाळेच्या संघाचे प्रशिक्षक बहुतेकदा क्रीडा शिक्षकच असतात. हरलं की स्पर्धा संपली, त्यामुळे त्यांचा आवाज चढतो.

नियम काय सांगतो?
'फिबा'च्या नियमांनुसार मुख्य प्रशिक्षक किंवा पहिले सहाय्यक यांपैकी एका वेळी एकालाच उभं राहता येतं, तेही बेंचच्या हद्दीत. खेळाडूंना सूचना देता येतात, पंचांचा अपमान करता येत नाही.

पंचांनी काय करावं?
- नीट विचारलेल्या प्रश्नाला खेळ थांबल्यावर थोडक्यात उत्तर द्यावं.
- हुज्जत सुरू झाली, तर स्पष्ट ताकीद द्यावी.
- तरीही थांबले नाहीत, तर टेक्निकल फाऊल द्यावा. त्यावर समोरच्या संघाला १ फ्री थ्रो मिळतो.
- प्रशिक्षकांच्या स्वतःच्या गैरवर्तनाचे असे २ फाऊल झाले, की त्यांना बाहेर जावं लागतं. बेंचवरच्या इतरांचे फाऊलही त्यांच्याच नावावर लागतात. एकूण ३ झाले तरी तेच.
- प्रकार गंभीर असेल, तर ताकीद न देता थेट बाहेर काढता येतं.

फ्री थ्रो पडला की १ गुण. अटीतटीच्या सामन्यात तेवढ्यावर निकाल फिरतो. राग प्रशिक्षकांचा, पण किंमत मुलं मोजतात. म्हणूनच पंचांची वेळेवरची ताकीद मुलांच्याच फायद्याची असते.