घोड्याची चाल आणि बुद्धीची तालीम

पैनगंगेच्या कांठीं वसलेल्या किनवटास एका घरीं मी बुद्धिबळाचा डाव पाहत बसलों होतों. बारा वर्षांच्या मुलानें हौसेनें एक प्यादें मारलें; तोंच समोरच्या घोड्यानें एकाच उडींत त्याच्या राजास शह दिला आणि वजिरावरही मारा धरला. वजीर गेला. आजोबा म्हणाले, “याला उपजत डोकें नाहीं. आवर आतां तो पट!” मुलगा खालीं मान घालून सोंगट्या गोळा करूं लागला. श्रोतेहो, आजोबांचा हा निकाल खरा मानावा काय?

इतिहासाची साक्ष तरी निराळी आहे. लातूरच्या सीमेपलीकडे कल्याणी नगरी आहे; आज ती कर्नाटकांत बसवकल्याण या नांवानें ओळखली जाते. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. राजाच्या विनोदांत त्यानें बुद्धिबळासही स्थान दिलें, आणि एकच घोडा चौसष्ट घरांतून, कोणत्याही घरीं दुसऱ्यांदा न जातां, कसा फिरवावा हें अक्षरांच्या खुणांनीं सांगितलें. युरोपांत ऑयलर या गणितज्ञानें याच कोड्याचें गणित १७५९ सालीं मांडलें. पुढें १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर मुंबईंत छापून निघालें. त्यांत मुख्यतः डावांतील बिकट प्रसंगच शिकणाऱ्यापुढें ठेविले आहेत.

जवळजवळ सात शतकांचें अंतर असलेल्या या दोन ग्रंथांचें मर्म एकच : दूरची खेळी दिसणें ही तालमीनें येणारी विद्या आहे. घरास नांव मिळालें म्हणजे पट मनांत मांडतां येतो. कोपऱ्यांतील घोड्यास दोनच घरें, मध्यावरील घोड्यास आठ. हें ज्याच्या अंगवळणीं पडलें, त्यास घोड्याची धाड आधींच दिसते. मग प्रत्येक खेळीपूर्वीं शह कोणते, मारामारी कोणती, धाक कोणता, हें क्रमानें पाहावें; आणि प्रतिपक्षाचें सर्वांत कठोर उत्तर आपणच आपल्याला द्यावें. त्या मुलानें प्यादें मोजलें, घोड्याचें उत्तर मोजलें नाहीं. त्याची चूक एवढीच होती.

मीं तीच स्थिति पुन्हां मांडविली. मुलगा बराच वेळ हात मागें घेऊन बसला. मग त्यानें प्याद्याचा मोह सोडून वजीर बाजूस घेतला. आजोबा पटाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “बस रे. अजून डाव संपलेला नाहीं.”