टाकी रिकामी, उपग्रह धडधाकट

घराच्या गच्चीवर बसवलेली दूरचित्रवाणीची तबकडी एकदा दिशा लावून घट्ट केली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही. तिचे तोंड ज्या उपग्रहाकडे असते, तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याशी आपली गती जुळवून फिरतो. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळलेला वाटतो. प्रत्यक्षात त्याला तेथे कोणी खिळवलेले नसते. चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण त्याची कक्षा हळूहळू कलती करते, पृथ्वीचा पूर्ण गोल नसलेला आकार त्याला पूर्वेस वा पश्चिमेस सरकवतो. हे सरकणे आवरण्यासाठी उपग्रहावरील लहान इंजिने वेळोवेळी प्रज्वलित करावी लागतात आणि दर खेपेस टाकीतले इंधन थोडे कमी होते. साधारणपणे १५ वर्षांनी ते संपत येते. सौरपट्ट्या वीज देत असतात, प्रक्षेपक चालू असतात, अँटेना शाबूत असते. तरीही उरलेल्या थेंबांवर उपग्रहाला आणखी सुमारे ३०० किलोमीटर वर, स्मशानकक्षेत नेऊन सोडून द्यावे लागते. अनेक संदेशवहन उपग्रहांचा शेवट बिघाडाने होत नाही, तो टाकी रिकामी झाल्यामुळे होतो.

उपग्रहसेवेचा व्यवसाय या एका वस्तुस्थितीवर उभा राहिला आहे. धडधाकट यंत्र केवळ इंधनाअभावी टाकून देणे पृथ्वीवर कोणालाच मान्य होणार नाही. अवकाशात मात्र सहा दशके तीच रीत चालू होती. त्याचे कारण असे, की उपग्रह बांधणाऱ्यांनी त्याला पुन्हा कोणाचा हात लागेल हे कधी गृहीतच धरले नव्हते. उड्डाणापूर्वी इंधन भरण्याच्या झडपांवर टोपणे बसवतात, ती तारेने जखडतात आणि वरून उष्णतारोधक आवरण चढवतात.

हात लावण्याचे पहिले प्रयत्न अक्षरशः हातांनीच झाले. १९८४ च्या फेब्रुवारीत चुकीच्या कक्षेत अडकलेले वेस्टार-६ आणि पालापा-बी२ हे दोन उपग्रह त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातील अंतराळवीरांनी पकडून पृथ्वीवर परत आणले. नुकसानभरपाई दिल्यामुळे त्यांची मालकी विमा कंपन्यांकडे गेली होती. मोहिमेत अंतराळवीरांनी ‘विकणे आहे’ अशी पाटी हाती धरून छायाचित्र काढून घेतले, ते त्या काळी फार गाजले. त्यांपैकी वेस्टार पुढे खरोखरच विकला गेला आणि १९९० मध्ये एशियासॅट-१ या नावाने चिनी अग्निबाणावरून पुन्हा अवकाशात गेला. १९९२ च्या मे महिन्यात एका इंटेलसॅट उपग्रहाला पकडण्यासाठी खास बनवलेला दांडा चालेना, तेव्हा एन्डेव्हर यानातील तिघा अंतराळवीरांनी तो हातांनी धरला आणि त्याला नवे इंजिन जोडून दिले. हबल दुर्बिणीची १९९३ ते २००९ या काळात पाच वेळा दुरुस्ती झाली. परंतु माणसे पाठवून केलेली ही दुरुस्ती इतकी महाग होती, की तिचा व्यापार होणे शक्य नव्हते. शिवाय भूस्थिर कक्षेपर्यंत स्पेस शटल पोहोचतही नसे.

माणसावाचून हे काम करणारे पहिले व्यापारी यान म्हणजे नॉर्थ्रप ग्रुमन या अमेरिकी कंपनीचे ‘मिशन एक्स्टेन्शन व्हेइकल’, अर्थात एमईव्ही-१. ऑक्टोबर २०१९ मध्ये बैकानूरहून निघालेले हे यान २५ फेब्रुवारी २०२० रोजी इंटेलसॅट-९०१ या २००१ साली सोडलेल्या उपग्रहाला जाऊन चिकटले. ते कसे चिकटले, हे पाहण्यासारखे आहे. उपग्रहाला पकडायला कडी नव्हती, खाच नव्हती, ओळखखूणही नव्हती. पण बहुतेक भूस्थिर उपग्रहांना एक मोठे इंजिन असते. अग्निबाणाने सोडल्यानंतर अंतिम कक्षेपर्यंत चढण्यापुरता त्याचा उपयोग, नंतर ते मुके होते. एमईव्ही-१ ने आपली सळई या इंजिनाच्या नरसाळ्यातून गळ्यापलीकडे ज्वलनकक्षात घातली, आत तिचे टोक फुलवून अडकवले आणि उपग्रहाला हळूहळू स्वतःकडे ओढले. अग्निबाणावर उपग्रह ज्या कड्यावर बसवलेला असतो, ते कडे यानाच्या आधारांवर टेकले आणि दोघांचे एक शरीर झाले. आरेखनकारांनी न ठेवलेली कडी त्यांच्याच इंजिनात सापडली.

येथे इंधन भरले गेले नाही, ही गोष्ट अनेक बातम्यांत निसटली. एमईव्ही-१ टाकी भरत नाही; ते पाठीवर बसून स्वतःच्या इंजिनांनी दोघांनाही सांभाळते. ही भेट स्मशानकक्षेत घडवण्यामागेही विचार होता. धडक होऊन तुकडे झालेच असते, तर ते शेकडो चालू उपग्रहांच्या पट्ट्यात विखुरले नसते. एप्रिल २०२० मध्ये इंटेलसॅट-९०१ पुन्हा सेवेत रुजू झाला. एप्रिल २०२१ मध्ये दुसरे यान एमईव्ही-२ हे इंटेलसॅट १०-०२ या उपग्रहाला जोडले गेले, तेही थेट भूस्थिर कक्षेत आणि उपग्रहाचे प्रक्षेपण चालू असताना. पाच वर्षांचा करार पूर्ण झाल्यावर एमईव्ही-१ ने आपल्या पहिल्या ग्राहकाला स्मशानकक्षेत पोहोचवले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याला सोडून ते पुढच्या कामास मोकळे झाले.

या सेवेचे भाडे वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. आकडा मोठा वाटतो. पण नवा भूस्थिर उपग्रह बांधून, विमा उतरवून वर पाठवायला त्याच्या कित्येक पट भांडवल एकदम गुंतवावे लागते. शिवाय आज पैसे गुंतवणाऱ्याला पुढील १५ वर्षांची बाजारपेठ दिसत नाही. खालच्या कक्षेतील हजारो लहान उपग्रहांनी इंटरनेटचा व्यवसाय ओढून नेला आहे आणि दूरचित्रवाणीचा प्रेक्षक भ्रमणध्वनीकडे वळला आहे. अशा वेळी जुन्या उपग्रहाला पाच वर्षांचे आयुष्य मिळणे म्हणजे निर्णयाला पाच वर्षांची सवड मिळणे. माझ्या मते या व्यवसायाचा खरा माल इंधन नसून ही सवड आहे. म्हणूनच त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. खालच्या कक्षेतले स्वस्त, पाचेक वर्षांनी वातावरणात जाळून टाकायचेच असे उपग्रह दुरुस्त करायला कोणी पैसे देणार नाही.

प्रत्यक्ष टाकी भरणे हे याहून कितीतरी कठीण काम आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या ‘ऑर्बिटल एक्स्प्रेस’ प्रयोगात एका यानाने दुसऱ्यात इंधन यशस्वीपणे ओतले होते, पण ती दोन्ही याने त्यासाठीच घडवलेली होती. याउलट लँडसॅट-७ या झडपा जखडलेल्या उपग्रहात यंत्रहातांनी आवरण कापून, तारा तोडून इंधन भरण्याची ओसॅम-१ ही नासाची योजना वाढता खर्च आणि लांबत गेलेले वेळापत्रक यांमुळे २०२४ मध्ये गुंडाळण्यात आली. तयारी नसलेल्या उपग्रहात इंधन भरण्यापासून उद्योगच दूर गेला आहे, हेही नासाने त्या वेळी कारण म्हणून सांगितले. आता भर आहे तो नव्या उपग्रहांना आधीच इंधनाचे तोंड ठेवण्यावर.

कायद्याची गुंतागुंत वेगळीच. १९६७ च्या अवकाश करारानुसार उपग्रह निकामी झाला तरी त्यावरचा नोंदणीकर्त्या देशाचा अधिकार संपत नाही. समुद्रात बेवारस सापडलेल्या जहाजाचा न्याय येथे लागू नाही. परवानगीवाचून दुसऱ्याच्या कचऱ्यालाही हात लावता येत नाही. जे यान उपग्रह उचलू शकते ते शत्रूचा उपग्रह पळवूही शकते, ही शंका तर कायमची. जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या शिजियान-२१ ने आपलाच एक बंद पडलेला बैदू उपग्रह ओढून स्मशानकक्षेपलीकडे नेला, तेव्हा कौतुकापेक्षा कुजबुजच अधिक झाली. दुसरीकडे, कचरा मागे ठेवण्याची किंमत आता मोजावी लागू लागली आहे. डिश नेटवर्कला आपला इकोस्टार-७ हा उपग्रह ३०० किलोमीटर वर न्यायचा होता. इंधन कमी पडले आणि तो १२२ किलोमीटरांवरच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने कंपनीला दीड लाख डॉलर दंड केला. अवकाश कचऱ्याबद्दलचा त्या आयोगाचा हा पहिलाच दंड.

भारत या वाटेवर कोठे आहे? ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० ने सोडलेले, प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाचे स्पेडेक्सचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी परस्परांना जोडले गेले आणि अमेरिका, रशिया, चीन यांच्यानंतर ही विद्या साधणारा भारत चौथा देश ठरला. पुढे एप्रिलमध्ये त्यांची दुसरी जोडणी झाली आणि एका उपग्रहातून दुसऱ्याला वीजही पुरवून पाहिली. या यशाचे मोल मोठे आहे, पण त्याचे वजन नेमके करावे. स्पेडेक्समधली जोडी परस्परांसाठीच घडवलेली होती. दोघांनाही जोडणीची यंत्रणा होती, अंतर मोजण्याच्या खुणा होत्या. एमईव्हीपुढे होता तसा अनोळखी, मुका उपग्रह पकडणे ही पुढची पायरी आहे.

त्या पायरीची गरज स्पेडेक्सनंतर दोनच आठवड्यांनी जाणवली. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात दिशादर्शनाचा एनव्हीएस-०२ उपग्रह गेला. अग्निबाणाने आपले काम चोख केले, परंतु उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडीकारक पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि तो लंबवर्तुळाकार कक्षेत अडकून पडला. येथे टाकी भरलेली होती, तोंड बंद होते. त्याला ढकलत वर नेईल असे वाहन भारताजवळ नव्हते.

धोरणाच्या बाजूने दारे उघडली आहेत. २०२३ च्या अवकाश धोरणाने खासगी कंपन्यांना उपग्रह बांधण्याची, चालवण्याची मुभा दिली. २०२४ मध्ये उपग्रहक्षेत्रात ७४ टक्क्यांपर्यंत परकी गुंतवणूक थेट मार्गाने खुली झाली. देशाची अवकाश अर्थव्यवस्था सुमारे ८४० कोटी डॉलरवरून २०३३ पर्यंत ४,४०० कोटी डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट इन-स्पेसने ठेवले आहे. २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्पही जाहीर झाला आहे. या मोठ्या आकड्यांत एका लहानशा भागाचा विचार हरवू नये. आज ज्या भारतीय संदेशवहन उपग्रहाचे आराखडे तयार होत आहेत, तो २०४० च्या आसपास इंधन संपत आल्याचे कळवील. त्याच्या झडपा तारेने जखडायच्या, की बाहेरून भरता येईल असे तोंड व यंत्राला दिसेल अशी खूण ठेवायची, हे उड्डाणानंतर ठरवता येत नाही. त्यासाठी लागणारे वजन थोड्या किलोंचे आहे, आणि ते मंजूर करायचे की नाही हा निर्णय आराखड्याच्या टेबलावरच होणार आहे.