संकेतस्थळ आहे; पण सापडते का?

संकेतस्थळ तयार झाले, त्याचा पत्ता निमंत्रणपत्रिकेवर छापला गेला, उद्‌घाटनाचा नारळही फुटला. परंतु इंटरनेटवर त्या विषयाचा शोध घेणाऱ्याला मात्र ते कोठेच दिसत नाही, असा अनुभव अनेक संस्थांना आणि छोट्या व्यावसायिकांना येतो. अशा वेळी मजकुराला किंवा सजावटीला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहणे आवश्यक ठरते. ती म्हणजे, आपली पाने शोधयंत्राच्या सूचीत आहेत का?

आपण एखादा शब्द टाइप करतो तेव्हा गुगल किंवा बिंग त्या क्षणी जगभरची संकेतस्थळे चाळत नाहीत. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असावी, तशी त्यांनी आधीच करून ठेवलेली सूची असते आणि शोध तिच्यातच घेतला जातो. ही सूची करण्यासाठी 'क्रॉलर' नावाची प्रणाली दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने वाचते. पान सापडणे, ते वाचले जाणे आणि त्याची नोंद होणे या तीन स्वतंत्र पायऱ्या आहेत. वाचलेल्या प्रत्येक पानाची नोंद होतेच असे नाही.

तपासणीची सर्वांत सोपी पद्धत कोणालाही वापरता येते. शोधाच्या चौकटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत लिहून त्यापुढे अपूर्णविराम (:) द्यावा आणि मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. त्या स्थळाची नोंदलेली पाने समोर येतात. मात्र ही यादी परिपूर्ण नसते आणि सोबत संख्या दिसलीच तर ती अंदाजे असते, याचे भान ठेवावे.

नेमकी माहिती हवी असल्यास गुगलची 'सर्च कन्सोल' ही विनामूल्य सेवा वापरावी. 2015पूर्वी ती 'वेबमास्टर टूल्स' या नावाने ओळखली जात असे. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केल्यावर किती पाने नोंदली गेली, किती वगळली गेली आणि का, याचा अहवाल मिळतो. एकेका पानाचा पत्ता देऊन त्याची स्थिती पाहण्याची आणि नोंदीसाठी विनंती करण्याचीही सोय आहे. बिंगची अशीच स्वतंत्र सेवा आहे.

पान वगळले जाण्याची कारणे पुष्कळदा घरातलीच असतात. वर्डप्रेसमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवण्याची सूचना देणारा एक पर्याय असतो. स्थळाची बांधणी सुरू असताना तो निवडला जातो आणि नंतर काढायचा राहून जातो. 'रोबोट्स' नावाच्या छोट्या फाइलमधील एका ओळीने संपूर्ण स्थळाचे दार बंद होऊ शकते. 1994पासून रूढ असलेल्या या संकेताला 2022मध्ये औपचारिक मानकाचे रूप मिळाले. एकच मजकूर दोन पत्त्यांवर असेल, तर शोधयंत्र त्यांपैकी एकच मूळ मानते. ज्या पानाकडे कोणताही दुवा जात नाही ते सापडणेच कठीण. त्यासाठी 'साइटमॅप' ही पत्त्यांची यादी सादर करावी. एका फाइलमध्ये 50,000 पत्ते मावतात.

मराठी संकेतस्थळांची एक निराळी अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी स्थळे स्वतःच्या खास फॉन्टमध्ये मजकूर देत. पडद्यावर देवनागरी दिसे; पण आत साठवलेली असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्यामुळे असे पान सूचीत असूनही देवनागरीत शोधणाऱ्याला सापडत नाही. त्या काळातील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित झाला नाही, तर तो असून नसल्यासारखाच राहतो. केवळ चित्ररूपात टाकलेल्या मजकुराबाबतही हाच धोका संभवतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सभासदांच्या याद्या, दूरध्वनी क्रमांक किंवा अंतर्गत कागदपत्रे अनवधानाने सूचीत गेली असल्यास वर सांगितलेल्या साध्या शोधातही ती उघड होतात. येथे एक गैरसमज टाळावा. 'रोबोट्स' फाइलमध्ये मनाई केल्याने पान वाचले जात नाही; परंतु इतरत्र त्याचा दुवा असल्यास पत्ता निकालांत दिसू शकतो. सूचीतून वगळण्यासाठी पानातच 'नोइंडेक्स' ही सूचना द्यावी लागते आणि ती वाचता यावी म्हणून दार उघडेच ठेवावे लागते. 'सर्च कन्सोल'मधून पान हटविण्याची विनंती सुमारे सहा महिनेच लागू राहते. खरोखर खासगी कागदपत्रांसाठी पासवर्डचे कुलूप लावणे किंवा ती काढून टाकणे, हेच उत्तर आहे.

नव्या पानाची नोंद होण्यास काही दिवस, प्रसंगी काही आठवडेही लागतात. त्यामुळे लगेच हताश होण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा ही तपासणी करण्याची सवय मात्र लावून घ्यावी. कष्टाने लिहिलेले वाचकापर्यंत पोहोचते आहे आणि जे पोहोचू नये ते घरातच आहे, एवढी खात्री काही मिनिटांत करून घेता येते.