देवयानी दीर्घिकेतील अतिदीप्त नवतारा

देवयानी तारकासमूहातील एम ३१ या सर्पिल दीर्घिकेत १८८५ साली आढळलेला अतिदीप्त नवतारा. ‘एस अँड्रोमेडी’ हे त्याचे दुसरे नाव. आकाशगंगेबाहेर शोधला गेलेला हा पहिलाच अतिदीप्त नवतारा होय.

एर्न्स्ट हार्टव्हिग या जर्मन ज्योतिर्विदांना तो २० ऑगस्ट १८८५ रोजी डॉर्पाट (सध्याचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेतून दिसला. त्याआधी काही निरीक्षकांनी तो पाहिला होता. परंतु त्याचे महत्त्व त्यांच्या लक्षात आले नव्हते. दीर्घिकेच्या केंद्राजवळील हा तारा कमाल तेजस्वितेच्या वेळी सुमारे ६ व्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसण्याइतका होता. सुमारे सहा महिन्यांत तो मोठ्या दूरदर्शकातूनही दिसेनासा झाला.

त्या काळी एम ३१ ही अभ्रिका मानली जाई व तिचे अंतर ज्ञात नव्हते. हा तारा नेहमीच्या नवताऱ्यांपैकी एक आहे असे गृहीत धरल्यास त्याच्या तेजावरून अभ्रिका आपल्या जवळच असली पाहिजे, असे अनुमान निघे. १९२० साली वॉशिंग्टन येथे हार्लो शॅप्ली व हीबर कर्टिस यांच्यात झालेल्या प्रसिद्ध वादविवादात शॅप्ली यांनी याच युक्तिवादाचा आधार घेतला. सर्पिल अभ्रिका म्हणजे आकाशगंगेसारख्याच दूरस्थ तारकासंहती असतील, तर एकाच ताऱ्याचे तेज अविश्वसनीय ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, नवताऱ्यांचे दोन भिन्न वर्ग असावेत, असे कर्टिस यांनी सुचविले.

१९२३ मध्ये एडविन हबल यांना एम ३१ मध्ये सेफीड प्रकारचा चल तारा आढळला व त्यावरून ती आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचे सिद्ध झाले. आधुनिक मापनानुसार तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. या अंतरानुसार १८८५ च्या ताऱ्याचे तेज सूर्याच्या एक अब्ज पटींहून अधिक भरते. अविश्वसनीय वाटलेले तेज अशा रीतीने खरे ठरले. चूक होती ती गृहीतकात. अशा ताऱ्यांचा स्वतंत्र वर्ग मानून १९३४ साली व्हाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी त्यांची मीमांसा मांडली.

श्वेत लघुताऱ्याच्या औष्णिक अणुकेंद्रीय स्फोटाने हा प्रकार घडला, असे आता मानले जाते. त्याचा अवशेष सापडल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घिकेच्या तेजस्वी मध्यभागापुढे तो काळ्या ठिपक्यासारखा दिसतो, कारण त्यातील लोह पाठीमागील ताऱ्यांचा प्रकाश शोषून घेते.