लग्नचौक, चित्रचौकट आणि इतिहास

आदिवासी कलेविषयीच्या मराठी लेखनात ‘कालातीत’ हे विशेषण इतक्या सहजतेने येते की त्यामागील गृहीतक सहसा तपासले जात नाही. जी कला कालातीत ती इतिहासाबाहेरची, आणि जो समाज इतिहासाबाहेरचा त्याला वारसा असतो पण वर्तमान नसते, असा हा अन्वय आहे. वारली चित्रकलेच्या गेल्या पन्नासेक वर्षांच्या वाटचालीवरून हे गृहीतक पारखून पाहता येते.

मूळ संदर्भ लग्नविधीचा. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली घरात, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो. तो सवासिनी लिहितात. मधोमध पालघट देवी, लगतच्या लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, भोवती झाडे, माणसे, जनावरे. धवलेरी गाण्यांतून देवतांना आवाहन करते आणि चौकाला अर्थ प्राप्त होतो. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर चौक ही स्वयंपूर्ण संहिता नव्हेच. गाणे, विधी आणि चित्र मिळून एक संहिता सिद्ध होते. तिला एक कर्ता नाही, आणि ती टिकवून ठेवण्याचा आग्रहही नाही. लग्न पार पडले की चौकाचे प्रयोजन संपते.

ही व्यवस्था १९७०च्या दशकाच्या आरंभी पालटू लागली. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी यांनी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांच्या हाती कागद दिला होता. तोच प्रयोग त्यांनी वारली पाड्यांवर केला. येथे मात्र कागद प्रामुख्याने पुरुषांच्या हाती गेला. गंजाडजवळच्या कलमीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे त्यांतील अग्रणी. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २००३मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासमवेत प्रदर्शन, २०११मध्ये पद्मश्री असा त्यांचा प्रवास झाला. विधीचा चौक सुटला आणि चित्राची चौकट आली. सामूहिक अनामिकतेच्या जागी सही आली. म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत कागदभर पसरत जाणारी बारीक रेघांची वीण चौकाच्या व्याकरणातून निघालेली असली, तरी चौकात तिला जागा नव्हती. या अर्थाने म्हसे हे परंपरेचे वाहक जेवढे, तेवढेच तिचे पुनर्रचनाकार आहेत. ‘आदिम’ म्हणून त्यांचा गौरव करताना नेमके हे कर्तृत्व नाकारले जाते.

या स्थित्यंतराची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. विधीचा अधिकार स्त्रियांचा होता. बाजारात नाव प्रामुख्याने पुरुषांचे झाले. ‘वारशाचे जतन’ या शब्दप्रयोगाखाली हा अधिकारबदल झाकला जातो.

याहून खोल प्रश्न स्मृतीचा आहे. साड्या, पिशव्या, हॉटेलांच्या भिंती यांवर पसरलेला तारपानाच हा एका सुखी, निसर्गलीन जमातीचे प्रतीक बनला आहे. पण हीच जमात सावकार-जमीनदारांच्या वेठीखाली होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी वधूवरांनी जमीनदाराकडे राबावयाचे, ही ‘लग्नगडी’ची प्रथा गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवली आहे. ज्या लग्नासाठी पालघट भिंतीवर अवतरे, तेच लग्न गुलामीचे दार ठरे. १९४५च्या वारली उठावाने वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. चौकाचा सांस्कृतिक वारसा सांगणाऱ्या लेखनात हा वारसा क्वचितच सापडतो. एक वारसा विक्रीयोग्य, दुसरा गैरसोयीचा. निवड कोणी केली, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

२०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. अनुकरणाच्या बाजारापुढे हे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु कायदा उत्पादनाचे नाव आणि उगमस्थान राखतो. गाण्यावाचून मुक्या झालेल्या चित्राचा अर्थ तो राखू शकत नाही.

तो अर्थ पुन्हा घडवण्याचे काम चित्रकारच करू शकतात. गंजाडचे राजेश चैत्या वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासमवेत २०१३पासून केलेल्या कामात याची एक वाट दिसते. गिल यांच्या कृष्णधवल छायाचित्रांतील माळरानावर, झाडांवर, आकाशात वांगड वारली रेघांनी लिहितात. कॅमेऱ्याला जे रिकामे वाटले तेथे कथा, देवता, दुष्काळ आणि माणसांचे येणेजाणे अवतरते. चौक जसा गाण्याविना अपुरा, तसे येथे छायाचित्र रेघेविना अपुरे राहते. दोन माध्यमांच्या संयोगातून अर्थ निर्माण करण्याची चौकाची जुनी रीत येथे नव्या रूपात कार्यरत होते, आणि तीही विधीची नक्कल न करता.

वारसा म्हणजे आकारांचा साठा नव्हे, तर अर्थ जुळवण्याची रीत होय, असे यावरून म्हणता येईल. आकार हॉटेलच्या भिंतीवरही उमटवता येतात. रीत मात्र ज्यांनी तो काळ सोसला त्यांच्याच हाती चालते, आणि म्हणूनच तिला इतिहास असतो.