रात्रीचं पाजणं आणि आईची झोप

मागच्या महिन्यात गटाची बैठक चालू होती. हप्ते मोजता मोजता आमच्यातली एक सून बसल्या जागी पेंगायला लागली. तिचं बाळ चौदा महिन्यांचं. रात्रीतून चार-पाच वेळा उठतं आणि अंगावर प्यायल्याशिवाय झोपत नाही. सकाळी तिला खुरपायला जायचं असतं. एक काकू म्हणाल्या, "कडुलिंबाचा पाला वाटून लाव, दोन रात्रींत सोडेल." दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." पण हा प्रश्न आजचा नाही. आईनं रात्री पाजावं की झोपावं, यावर लोकांनी आधीही बरंच काही ठरवलं आहे. आज तेच सांगते.

१७४८ साली विल्यम कॅडोगन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. लंडनला टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी एक संस्था होती, तिच्या चालकांसाठी ती होती. त्यात चांगल्या गोष्टी होत्या. बाळाला कपड्यांत गच्च आवळू नका, निरोगी आईनं स्वतःच पाजावं, असं त्यांनी सांगितलं. पण रात्री बाळाला अजिबात पाजू नये, असंही लिहिलं.

पुढे न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर झाले. ते मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. तिथल्या शेतावरच्या वासरांना दूध कसं पाजावं याचा त्यांनी अभ्यास केला होता. १९०७ साली त्यांनी आया आणि बाळांसाठी संस्था काढली. तिची शिकवण अशी, की बाळाला घड्याळ बघून दर चार तासांनी पाजायचं आणि रात्री पाजायचं नाही. ही पद्धत इंग्लंडमध्येही गेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, बाळं जगावीत हीच त्यांची धडपड होती. पण बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं, आणि दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. तान्ह्या बाळाचं रात्रीचं पाजणं बंद केलं, तर आईचं दूध कमी होऊ शकतं. मग वरचं दूध सुरू करावं लागतं आणि दोष आईला दिला जातो.

आता आपल्या मुंबईकडे या. तिथं घड्याळाच्या जागी गिरणीचा भोंगा होता. कोकणातून, घाटावरून गेलेल्या कितीतरी बाया कापड गिरण्यांत काम करत. बाळंत झाल्यावर फार दिवस घरी बसणं परवडायचं नाही. बाळ चाळीत एखाद्या म्हातारीजवळ ठेवायचं. ते शांत राहावं म्हणून त्याला 'बाळागोळी' द्यायचे. या गोळीत अफू असायची. अफूनं बाळ गुंगून पडतं, भुकेलाही उठत नाही, त्याला बद्धकोष्ठ होतं. जास्त झाली तर श्वास मंदावून बाळ दगावतं. हे इतकं सर्रास होतं, की १९३१ च्या सरकारी कामगार आयोगालाही त्याची दखल घ्यावी लागली. इंग्लंडच्या गिरणगावांतही त्याआधी अफूची पातळ औषधं बाळांना पाजत होतेच.

त्या आया वाईट होत्या का? नाही. त्यांच्याकडे रजा नव्हती आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. हे ओळखून १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशभराचा कायदा १९६१ साली आला आणि २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण बायांनो, ही रजा नोकरीवाल्या बाईला. खुरपणीला, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ती कोण देणार?

म्हणून आपल्यापुरतं काय करायचं, ते सांगते.

सहा महिन्यांच्या आत रात्रीचं पाजणं तोडू नका. बाळाचं पोट लहान असतं, त्याला खरंच भूक लागते. शिवाय १९८८ साली इटलीत बेलाजिओ गावी तज्ज्ञ जमले होते. त्यांनी सांगितलं, की बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी आली नसेल, तर दिवस राहण्याची शक्यता फार कमी असते. पण पाजण्यात रात्रीचं मोठं अंतर पडलं, की हा भरवसा राहत नाही.

उष्टावण झाल्यावर, वर्षाच्या पुढे, बाळ दिवसा नीट जेवत असेल आणि वजन वाढत असेल, तर रात्रीचं पाजणं हळूहळू कमी करता येतं. संध्याकाळी मऊ भात-वरण पोटभर भरवा. पाजून पूर्ण झोपू देऊ नका, डोळे जड झाले की खाली ठेवून थोपटा. रात्रीची एकच वेळ आधी कमी करा. तेवढ्या वेळेला वडिलांनी किंवा आजीनं उठावं, पाणी द्यावं, थोपटावं. चार-पाच दिवसांनी दुसरी वेळ. बाळ आजारी असेल तर थांबा. आणि दिवसा अंगावर पाजणं दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवा. झोपेचं कुठलंही औषध नको.

माझ्या धाकट्याच्या वेळी सासूबाईंनी पाला वाटला होता. पण शेवटी कामाला आले ते आमचे हे. आठ रात्री त्यांनी पोराला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं. पहिल्या दोन रात्री दोघंही रडवेले झाले होते. नवव्या रात्री पोरगं पहाटेपर्यंत झोपलं.

त्या सुनेच्या घरी मी गेले. पाल्याचा विषय काढला नाही. तिच्या नवऱ्याला एवढंच विचारलं, "दादा, रात्री एकदा तुम्ही उठाल का?" तुमच्या गटातही अशी कुणी पेंगत असेल, तर तिच्या घरी जा आणि हेच विचारा.