बायको आहे, हे सिद्ध करा

आपल्या तालुक्या-तालुक्यांतली पोरं आता पुण्या-मुंबईच्या पुढं जाऊन परदेशात नोकरीला लागलीत. लग्नाला गावी येतात, पंधरा दिवसांत परत जातात. नवी नवरी मात्र मागं राहते. तिला तिकडं न्यायचं तर त्या देशाच्या सरकारपुढं अर्ज करावा लागतो, आणि पहिला प्रश्न हाच असतो: ही तुमची बायको कशावरून? या प्रश्नाची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. ती आज सांगते.

साल १९१३. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिकडं दक्षिण आफ्रिकेत हजारो भारतीय राहत होते. कुणी व्यापारी, तर बरेचसे उसाच्या मळ्यांत आणि कोळशाच्या खाणींत करारावर नेलेले मजूर. हसन इसप नावाचा तिथला एक रहिवासी भारतात येऊन लग्न करून गेला होता. पुढं तो बायकोला, बाई मरियमला, घेऊन निघाला. केपटाऊनच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी तिला उतरू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकीहून जास्त बायका करायला मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीनं झालेलं लग्न इथला कायदा मानत नाही, असा त्याचा अर्थ. नवऱ्याला एकच बायको असली तरी!

त्या काळी हिंदूंनाही दुसरी बायको करायची मुभा होतीच. म्हणजे निकाह असो नाहीतर अंतरपाट धरून अक्षता टाकलेल्या असोत, कागदावर सगळं शून्य. बायको ही बायको राहिली नाही, मुलं वारस राहिली नाहीत.

कस्तुरबांच्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली होती, चार मुलगे होते. बायकांना तुरुंगात पाठवायला गांधीजी आधी कचरत होते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण ही लढाई बायकांच्या कुंकवाचीच होती, त्यांना बाहेर ठेवून ती लढणार कशी? सप्टेंबर १९१३ मध्ये सोळा जणांची तुकडी परवान्याशिवाय नाताळची हद्द ओलांडून ट्रान्सवालमध्ये शिरली. तीत कस्तुरबांसह चार बायका होत्या. शिक्षा झाली तीन महिने सक्तमजुरी. कस्तुरबा सुटल्या तेव्हा अंगावर नुसती हाडं राहिली होती.

पण मला जास्त सांगायचंय ते दुसऱ्या बायकांबद्दल, ज्यांची नावं आपल्या पुस्तकांत फारशी येत नाहीत. ट्रान्सवालमधल्या अकरा बायका, बहुतेक तमिळ, काहींच्या कडेवर तान्ही लेकरं. त्या न्यूकॅसलच्या खाणींवर गेल्या आणि मजुरांना म्हणाल्या, काम बंद करा. तिथं दुसरं एक दुखणं होतं. करार संपल्यावर तिथंच राहायचं तर माणशी वर्षाला तीन पौंड कर. बायकांनाही, तेरा वर्षांवरच्या मुलींनाही. वीस शिलिंगांचा एक पौंड, आणि मजुराची महिन्याची मिळकत चौदा शिलिंगांच्या पुढं जात नव्हती. उचल फेडता फेडता पुन्हा उचल घ्यावी लागते, हे आपल्या ऊसतोडीच्या बायकांना समजावून सांगायला नको. मजुरांनी काम थांबवलं. ६ नोव्हेंबरला मोर्चा निघाला तेव्हा त्यात दोन हजारांवर पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं होती. तुरुंगात गेलेली वल्लिअम्मा सोळा वर्षांची होती. ती तापानं फणफणत बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली.

इकडं मागं आपले गोपाळ कृष्ण गोखले उभे होते. कोकणातल्या कोतळूकचा हा माणूस १९१२ मध्ये स्वतः आफ्रिकेत जाऊन आला होता. तब्येत ढासळलेली असताना त्यांनी देशभरातून पैसा उभा केला. शेवटी १९१४ च्या कायद्यानं तीन पौंडांचा कर गेला आणि धर्मरीतीनं लग्न झालेल्या एका बायकोला नवऱ्याकडं येण्याचा हक्क मिळाला. एकीलाच. दुसरी असेल तर तिचं काय, हे कुणी विचारलं नाही.

पुढं १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उलटंच घडलं. आपली एक पस्तीस वर्षांची शिक्षिका लग्न करायला तिकडं गेली. वाग्दत्त वधूला आधी परवाना लागत नव्हता, बायकोला लागत होता. अधिकाऱ्यांना संशय आला की हिचं लग्न आधीच झालंय. एका पुरुष डॉक्टरनं तिची कौमार्याची तपासणी केली. वर्तमानपत्रात बातमी आली, आपल्या सरकारनं निषेध केला, मग ती पद्धत बंद झाली. एका देशात बायको असून बायको नाही, दुसऱ्या देशात नसून आहे! दोन्हीकडं बाईचं तोंडचं बोलणं कुणी धरलं नाही.

आजही अर्जाला कागदच लागतो. अमेरिकेत असलेला नवरा आय-१३० नावाचा अर्ज भरतो, तेव्हा लग्नाचा दाखला जोडावाच लागतो. लग्नपत्रिका आणि फोटो जोडीला चालतात, पण दाखल्याच्या जागी नाही. आपल्याकडं १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंद करायची ती नव्वद दिवसांत. उशीर झाला तरी दंड भरून होते. गावात हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) असतं, तीन साक्षीदार लागतात. नोंद केली नाही म्हणून लग्न खोटं ठरत नाही, पण परदेशी कचेरीत तेवढ्यानं भागत नाही.

दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर गटातल्या कुणाकडून वाचून घ्या. आधारवर माहेरचं नाव, दाखल्यावर सासरचं आणि पासपोर्टवर तिसरंच, असं होऊ देऊ नका. २०२३ पासून जिल्ह्याचं नाव धाराशिव झालंय. जुन्या कागदावर उस्मानाबाद असेल तर घाबरू नका, दोन्ही एकच जिल्हा आहे हे दाखवणारी सरकारी अधिसूचना आहे. तिची एक प्रत अर्जासोबत लावून ठेवा.